कोणी पाठवलं, आबाजी?

17 मार्च 2025. नागपुरात महाल भागात दुपारी आंदोलन झालं. तिथे जाळलेल्या चादरीवर पवित्र मजकूर होता, अशी अफवा पसरली. संध्याकाळी महालात दगडफेक सुरू झाली, रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. मग अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला.

दुपार ते संध्याकाळ. शहानिशा करायला शहराकडे एवढाच वेळ होता.

खोटी बातमी ओळखायला मुलांना शिकवायलाच हवं. फोटो कधीचा, व्हिडिओ कुठला, हीच बातमी आणखी कोणी दिली आहे का. केरळातल्या कन्नूर जिल्ह्याने 2018 मध्ये सरकारी शाळांतून असे वर्ग सुरू केले. मुलं हे लवकर शिकतात. फोटोचं मूळ शोधून काढणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं.

अवघड आहे ते पुढचं. खोटी गोष्ट सहसा परक्याकडून येत नाही. ती काकांकडून येते, शेजारच्या ताईंकडून येते, रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणाऱ्या आबाजींकडून येते. मजकूर वाचण्याआधीच माणसावर विश्वास बसलेला असतो. ‘आबाजी, हे तुम्हाला कोणी पाठवलं?’ प्रश्न साधाच आहे. पण घरात तो उलट बोलल्यासारखा वाटतो. मग मूल गप्प बसतं.

आणि रागाचं काय? आपल्या माणसांवर अन्याय झाला, असं वाचलं की मेसेज पुढे गेलेलाही असतो. तेव्हा तारीख कोण बघतं? ज्या बातमीने सगळ्यात जास्त संताप येतो, तिलाच सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. मोठ्यांना न जमणारी ही गोष्ट आपण सातवीतल्या मुलाकडून मागतो आहोत, हे निदान लक्षात असू द्यावं.

मला वाटतं, मुलांना घरी आलेलाच एखादा मेसेज वर्गात आणायला सांगावं. पाठवणाऱ्याचं नाव खोडून. कोणाचीही फजिती न करता तो सगळ्यांनी मिळून तपासावा. खरा निघाला, तर तेही मोकळेपणाने सांगावं. शंका घेणं म्हणजे सगळंच खोटं मानणं नव्हे. आणि एखाद्या शनिवारी आबाजींनाही वर्गात बोलवावं. वाचनालयात बसून एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचणारी माणसं त्यांच्या पिढीत होती. अशी बातमी ते कशी वाचायचे, हे मुलांनी आबाजींना विचारावं.