दारावरचे दोघे



संतसज्जनहो, महाभारतात सौप्तिक पर्व म्हणून एक लहानसे पर्व आहे. कीर्तनाला ते सहसा कोणी लावीत नाही, कारण त्यात आनंदाने ऐकावे असे काही नाही. युद्धाचे अठरा दिवस संपले आहेत, दुर्योधन मांडी मोडून पडला आहे, आणि त्या रात्री द्रोणाचा मुलगा अश्वत्थामा निजलेल्या शिबिरात शिरतो. पांडव त्या रात्री शिबिरात नाहीत. द्रौपदीची पाचही मुले मात्र तेथेच आहेत. सकाळ होते तेव्हा त्यांतले एकही जिवंत नसते.

इतकी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आज आम्हांला बोलायचे आहे ते अश्वत्थाम्याविषयी थोडे, आणि शिबिराच्या दारावर उभ्या राहिलेल्या दोघांविषयी अधिक. एक कृतवर्मा, दुसरे कृपाचार्य. कृपाचार्य म्हणजे कोणी दुष्ट मनुष्य नव्हे. कुरुकुळाचे आचार्य, शास्त्र जाणणारे, वयाने वडील. अश्वत्थाम्याची आई कृपी ही त्यांची बहीण, म्हणजे हा त्यांचा सख्खा भाचा. भाच्याने मनातला बेत सांगितला तेव्हा मामांनी त्याला समजावले, की निजलेल्याला मारणे हा धर्म नव्हे, रात्र जाऊ दे. भाच्याने ऐकले नाही. मग मामांनी काय केले? त्याच्यामागे गेले आणि दारावर उभे राहिले. आत काय चालले आहे हे जाणून उभे राहिले. आणि जे जीव घेऊन बाहेर धावले त्यांना या दोघांनी दारातच गाठले.

आपल्या काळात लेकरांवर जे अत्याचार होतात, त्यांतही आत शिरणारा एक असतो आणि दारावर उभे राहणारे पुष्कळ असतात. शिक्षेचा विचार करताना आपण आत शिरणाऱ्याचाच करतो. म्हणून हे निरूपण.

विषय असा आहे की तो हरिकथेच्या पानावर यावा काय, असे काहींना वाटेल. पण न बोलण्यानेच तो वाढला आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील शेकडा ५३ मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यात मुलगेही होते, केवळ मुलीच नव्हेत. बहुतेकांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचे सरकारी आकडे पाहिले तर शंभरांतील नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो. नातलग, शेजारी, शिकवणारा, कामावरचा माणूस. आपण लेकराला सांगतो की परक्यापासून सावध राहा. अहो, अश्वत्थामा तरी परका कोठे होता? पांडवांच्या गुरूचाच तो मुलगा.

आता दंडाचा विचार करू. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर तेथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. आईबापांना पोलिसठाण्यात तासन् तास थांबावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि घोषणा एकच होती, फाशी द्या. पुढे २३ सप्टेंबरला तो आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मरण पावला. कित्येकांना वाटले, न्याय झाला. लोकांचा संताप आम्ही खोटा म्हणत नाही. लेकराच्या वेदनेने ज्याचे रक्त तापत नाही तो माणूस कसला? पण विचार करावा. त्याच्यावरचा खटला उभा राहिलाच नाही. कोर्टात पुरावा यावा, गुन्हा सिद्ध व्हावा, हे घडले नाही. आणि त्याच्याविषयीची आरडाओरड इतकी मोठी होती, की शाळेत कोणाला केव्हा काय कळले व कळल्यावर कोण गप्प राहिले, हा प्रश्न लोकांच्या मनातून मागे पडला. तो प्रश्न दारावरच्यांचा होता.

कौटिल्याने दंडनीतीचे मर्म सांगितले आहे. फार कठोर दंडाने प्रजा भयभीत होते, फार सौम्य दंडाची कोणी पर्वा करीत नाही, योग्य तेवढ्याच दंडाचा आदर होतो. आपल्या देशात २०१२ साली मुलांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला, त्याला लोक पोक्सो म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील शिक्षा वाढल्या आणि अत्यंत घोर गुन्ह्याला देहदंडाचीही तरतूद झाली. म्हणजे कठोरपणा कमी आहे असे नाही. कमी आहे ती निश्चिती. खटला शक्यतो वर्षाच्या आत संपवावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात वर्षे लोटतात, लेकरू मोठे होते, साक्षीदार फिरतात. आणखी एक गोष्ट. गुन्हेगार घरचाच असला आणि शिक्षा फक्त फाशीची म्हटली, तर आई म्हणेल, दिराला फासावर कशी चढवू? आणि ती तोंड मिटून घेईल. म्हणून आमचे म्हणणे असे, की दंड भयंकर असण्यापेक्षा चुकणार नाही असा असावा.

याविषयी भागवताच्या प्रथम स्कंधात मोठा विचार आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला पशूसारखा बांधून द्रौपदीपुढे आणतो. भीम म्हणतो, याला मारा. द्रौपदी म्हणते, सोडा. मी जशी रडते तशी याची आई रडू नये. देव दोन्ही बाजू राखावयास सांगतो. तेव्हा अर्जुन त्याच्या मस्तकीचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला शिबिराबाहेर घालवून देतो.

येथे कोणी शंका घेईल, की महाराज, द्रौपदीने तर क्षमा केली. मग गावात चार वडीलधारी बसून प्रकरण मिटवतात त्यात वावगे काय? वावगे हे, की द्रौपदीची क्षमा तिची स्वतःची होती. कोणी तिच्यापुढे पदर पसरला नव्हता, कोणी तिला कुळाची अब्रू सांगितली नव्हती. शिवाय गुन्हेगार बांधून सर्वांच्या समोर आणला गेला, त्याचे कृत्य उघड बोलले गेले, आणि मगच क्षमेचा शब्द निघाला. आपल्याकडे उलट चालते. कृत्य झाकले जाते, मणी तसाच मस्तकावर राहतो, आणि क्षमा मात्र सहा वर्षांच्या लेकराकडून वसूल केली जाते. याला क्षमा म्हणू नये. हे दारावर उभे राहणेच होय.

आणि तो मणी म्हणजे काय? तो ज्याच्या अंगावर असे त्याला कशाचे भय उरत नसे. आजच्या गुन्हेगाराचाही मणी असतोच. कोणाचा पैसा, कोणाची खुर्ची, कोणाचे घरातले वडीलपण. सरकारने तुरुंगात टाकावे हे तर झालेच. पण समाजाने आधी मणी काढला पाहिजे. ज्याच्यावर असा आरोप आला त्याला चौकशी पुरी होईतो मुलांमध्ये वावरू देऊ नये, आणि गुन्हा सिद्ध झाला तर पुन्हा कधीही मुले त्याच्या हाती सोपवू नयेत, मग तो कितीही गुणी असो.

आता आपल्या अंगणात येऊ. आपला सर्वांत मोठा मणी म्हणजे गळ्यातली माळ. दुसऱ्याच्या घरचे सांगून स्वतःचे झाकले तर हे निरूपण फुकट गेले. मृदंग शिकावा, गाणे शिकावे, चार अभंग पाठ व्हावेत म्हणून खेड्यापाड्यांतले आईबाप आठ-दहा वर्षांचे पोर आळंदीला आणून सोडतात. जोगमहाराजांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून आळंदी हे मुलांच्या शिक्षणाचे माहेर झाले. पण अलीकडे तेथे गल्लोगल्ली खाजगी निवासी वर्ग निघाले. २०२४ साली त्यांतल्या एका संस्थेच्या चालकाविरुद्ध मुलांवरील अत्याचाराचा गुन्हा नोंदला गेला. पुष्कळ माळकरी तेव्हा म्हणाले, हे बाहेर बोलू नका, संप्रदायाची बदनामी होते. आम्ही म्हणतो, संप्रदाय इतका लेचापेचा आहे काय, की एका लेकराच्या खऱ्या बोलण्याने तो बुडेल? तो बुडेल तर लेकराच्या गप्प राहण्याने बुडेल.

तेव्हा प्रत्येक फडाने, दिंडीने, संस्थेने काही नेम धरावेत. जेथे मुले राहतात तेथे एकाच माणसाच्या हाती त्यांना रात्री सोपवू नये. वारीत राहुटीत लेकरू आपल्या माणसाजवळच निजावे. शिकवणारा ठेवताना केवळ गळा पाहू नये, तो आधी कोठे होता आणि तेथून का निघाला हे विचारावे. आईबापांना केव्हाही येऊन मुलाला एकांतात भेटता यावे. जी संस्था भेटू देत नाही तेथे मूल ठेवू नये. आणि मुलांना एवढे शिकवावे, की पाया पडणे वेगळे आणि अंगाला हात लावू देणे वेगळे. गुरूलाही ‘नको’ म्हणता येते.

लेकराने काही सांगितले तर पहिली गोष्ट, त्याला खरे मानावे. दहा जणांपुढे दहा वेळा वदवून घेऊ नये. ‘तू तेथे गेलासच का’ असे तर चुकूनही विचारू नये. लाज करणाऱ्याची, सोसणाऱ्याची नव्हे. कपडे धुऊ नयेत, तसेच घेऊन सरकारी दवाखान्यात जावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. कायद्याने मुलाचे नाव छापायला बंदी आहे. त्याचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो स्त्री अधिकारी घेते आणि अंगावर गणवेष नसतो. आणि हे नीट ध्यानात ठेवावे, की असा गुन्हा ठाऊक असून जो पोलिसांना कळवीत नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेचा प्रमुख असेल तर एक वर्षापर्यंत. कृपाचार्यांनी समजावून सांगितले होते, हे त्यांच्या कामी आले नाही. नुसते समजावणे आजच्या कायद्यालाही पुरत नाही.

शेवटी एकच सांगतो. अश्वत्थाम्याने एवढ्यावर थांबू नये म्हणून उत्तरेच्या गर्भावरही अस्त्र सोडले. तेव्हा देवाने काय केले? निषेध करीत बसला नाही. तो गर्भापाशी गेला आणि त्या न जन्मलेल्या लेकराभोवती स्वतः उभा राहिला. दारावर उभे राहणे तेही होते आणि हेही होते. कोणासाठी उभे राहिले एवढाच भेद. ते लेकरू म्हणजे परीक्षित. ते वाचले, म्हणून पुढे शुकाचार्यांना भागवत सांगायला श्रोता मिळाला.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.