आधी हे चाक उतरव

रेडिओ बंद कर. पाना खाली ठेव आणि इकडे ये. ही गाडी तू आज संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणार होतास ना? मग आत्ता माझ्यासमोर तिच्यावर बस आणि पुढचा ब्रेक दाब. जोरात दाब. बघितलंस? लिव्हर मुठीला टेकली. दुसऱ्यांदा दाबलीस तेव्हा कुठे घट्ट झाली. आत हवा राहिली आहे. हे ओळखायला तुला मी लागतो का? माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचास. हवा राहिलेला ब्रेक बोटांना कसा लागतो, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. म्हणजे तू ओळखलंस. ओळखूनही ‘चालून जातंय, सर’ म्हणालास. राग मला त्याचा आलाय.

गाडी कुठली आहे ते तरी ध्यानात घेतलंस का? राजदूत ३५०. यामाहाची आरडी ३५० जपानात १९७३ साली निघाली तेव्हा तिला पुढे डिस्क होती. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सनं तीच गाडी फरिदाबादेत बांधायला घेतली आणि पुढे ड्रम बसवला, १८० मिलीमीटरचा. इंजिन मात्र तेच राहिलं. दोन सिलेंडरांचं, ३४७ सीसीचं, पहिल्या गाड्यांना तर तीस हॉर्सपॉवरच्या वर ताकद. ज्या काळात बाकीच्या मोटरसायकली साठ-सत्तरच्या पुढे थरथरायला लागायच्या, त्या काळात ही शंभराच्या पुढे सहज जायची. तेव्हा ‘ही पळते चांगली, थांबत नाही’ असं कुणी म्हणत असेल तर त्यात खोटं नाही. गिऱ्हाइकाला पुढचा ब्रेक सुधारून हवा होता, त्याचं काही चुकलेलं नाही. शिवाय टू स्ट्रोक इंजिन. उतारावर मूठ सोडली तरी फोर स्ट्रोकसारखं गाडीला मागे धरून ठेवत नाही. सगळा भार ब्रेकवर, आणि उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून त्यातला बहुतेक पुढच्याच ब्रेकवर. म्हणून तर हे काम मन लावून करायचं होतं.

आता मला सांग, जुना ड्रम उघडलास तेव्हा काय मोजलंस? काहीच नाही. व्हर्निअर त्या खणात आहे, त्यावर धूळ बसली आहे, ती मी मघाशीच पाहिली. तुझ्या भंगारातून हे जुने शू मी उचलून आणलेत. उजेडात धर. लायनरच्या या टोकाला, कॅमच्या बाजूला, बोटभर पट्टा चकाकतोय. बाकीची सगळी पाठ मळकी आणि खरखरीत, ड्रमला तिचा स्पर्शसुद्धा झालेला नाही. म्हणजे चार बोटांच्या लायनरमधलं एक बोट काम करत होतं. आता ही केबल बघ. बाहेरचं आवरण दाबलं की स्प्रिंगसारखं आखडतं. हाताचा निम्मा जोर तिथेच खर्च होत होता. आणि खालचा कॅमचा दांडा केबलशी काटकोनाच्या कितीतरी पुढे गेलेला. दुखणं इतकं उघडं समोर पडलेलं असताना तू ड्रमच काढून टाकून डिस्क लावलीस. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

ड्रमच्या त्या प्लेटवर दोन कॅम आहेत. कशासाठी, ते मी फळ्यावर काढून दाखवलं होतं. साध्या ड्रममध्ये एकच शू असा असतो की चाक त्याला आपल्याबरोबर ओढतं आणि तो आपोआप ड्रमवर आणखी आवळला जातो. इथे दोन्ही शू तसे आहेत. पण दोन्ही एकाच क्षणी टेकले तरच त्याचा उपयोग. दोन कॅमना जोडणारी ती बारीक सळई त्यासाठीच आहे. तिचा नट सैल करायचा, एकेक शू टेकेपर्यंत न्यायचा, मग सळईची लांबी अशी धरायची की दोघे बरोबर टेकतील. तुझ्या सळईचा नट गंजून धरलेला आहे. कित्येक वर्षांत त्याला कुणाचा पाना लागलेला नाही, तुझाही नाही. एक शू काम करायचा, दुसरा नुसता बसून राहायचा, आणि तू गिऱ्हाइकाला सांगितलंस की या गाडीचा ब्रेकच असला असतो.

बरं, डिस्क बसवायचीच ठरवलीस. बसव. पण कशी? पल्सरची डिस्क आणि कॅलिपर भंगारातून आणलास, मास्टर सिलेंडर तिसऱ्याच गाडीचा. त्याचा बोअर किती, हे तुला आत्ताही सांगता येत नाही. मी मोजला. सोळा मिलीमीटर. हिशेब डोक्यात कर, कागद नको. कॅलिपरचा पिस्टन समज अठ्ठावीसचा असेल आणि वर चौदाचा मास्टर असेल, तर व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे जोर चौपट. तोच मास्टर सोळाचा लावला की चौपट घसरून तिपटीच्या जरा वर येते. फक्त दोन मिलीमीटरचा फरक, आणि माणसाच्या बोटातला जवळपास पाव जोर गेला. हवा काढलीस तरी मग लिव्हर दगडासारखी लागेल आणि गाडी थांबणार नाही. उलट अकराचा लावला असतास तर जोर साडेसहा पटीच्या घरात गेला असता. लिव्हर लांबवर गेली असती आणि ओल्या रस्त्यावर चाक खटकन जाम झालं असतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. हा आकडा मोजायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं तू दिली नाहीस.

आणि हा फोर्कचा डावा पाय. कॅलिपरला जागा नव्हती म्हणून संगमनेरला नेऊन आर्गन वेल्डिंगनं कान जोडून आणलेस. ओतीव अ‍ॅल्युमिनियम आहे ते. त्याला किती उष्णता सोसते, जोड किती आत बसलाय, हे तुला माहीत नाही आणि जोडणाऱ्यानंही तुला विचारलं नसेल की यावर काय टांगणार आहेस. हँडल धरून फोर्क दाब आणि सोड. डावा पाय अडखळत वर येतो, जाणवलं? आच लागून पायाची आतली बाजू बिघडली आहे. शिवाय ड्रमची प्लेट फिरू नये म्हणून मूळचा जो अडसर होता तो ग्राइंडर मारून साफ केलास. म्हणजे आता जुना ब्रेकसुद्धा या पायावर परत बसणार नाही. ही गाडी बंद होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. असा पाय दुकानात पेटीतून काढून देत नाहीत. लोक त्यासाठी गावोगाव हिंडतात. जे परत जोडता येणार नाही ते कापण्याआधी मालकाला विचारायचं असतं. विचारलं होतंस?

या फोर्कच्या नळ्या त्या काळच्या ब्रेकच्या हिशेबानं बनवलेल्या आहेत. एका बाजूला जोरकस डिस्क लावलीस की दाबल्यावर फोर्क पिळवटतो आणि हँडल एका अंगाला ओढलं जातं. नाकापेक्षा मोती जड. करायचं असेल तर एखाद्या गाडीचा पुढचा अख्खा संच घ्यायचा: दोन्ही पाय, हब, एक्सल, कॅलिपर, मास्टर, सगळं एकमेकांशी जमलेलं, कारखान्यात ओतलेल्या कानांसकट. मग टी आणि कोनसेट जुळवायचे, फोर्कची लांबी मोजायची, स्टिअरिंगचा कोन बिघडत नाही ना ते बघायचं. खर्च येतो. तो खर्च मालकाला आधी सांगायचा. परवडत नसेल तर ड्रमच नीट करून द्यायचा आणि तसं स्पष्ट बोलायचं. त्यात कमीपणा कसला?

ही बाटली कधी उघडलीस? झाकण तिरकं बसलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, हे तुला पाठ होतं. डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी प्यायलं की तीच हमी १५५ वर येते. आणि तू ती उघडी बाटली आषाढात राजुरात फळीवर ठेवलीस, जिथे भिंतींना पाणी सुटतं. लांब उतारावर पॅड तापले, ऑइलला उकळी आली, नळीत वाफ झाली की लिव्हर पुन्हा मुठीला. तेव्हा दुसऱ्यांदा दाबायला वेळ मिळत नाही.

आता होज बघ. हँडल पूर्ण उजवीकडे वळव. टायरला घासतोय. इथे रबर काळं चमकायला लागलंय, फक्त बाजारातून एक फेरी मारलीस तेवढ्यात. आणि टायर? बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. ३११२. २०१२ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातलं रबर आहे ते. नख रुतत नाही त्यात. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला टायर थांबवतो. नवा ब्रेक बसवताना तुझी नजर तिथपर्यंत खाली गेलीच नाही.

चाचणी कुठे घेतलीस? बाजारपेठेतून एसटी स्टँडपर्यंत, सपाटीवर, वीसच्या वेगानं. तो माणूस नाशिकहून येणार, भंडारदऱ्याहून घाटघरला जाणार, परतताना अकोल्याकडे विठे घाट उतरणार. आत्ता भाताची आवणी चालू आहे. खाचरातून ट्रॅक्टर निघाला की डांबरावर चिखलाचे दोन पट्टे ओढत जातो. संध्याकाळी डांगी जनावरं वळणावर बसलेली असतात आणि धुक्यात ती दहा हातांवर आल्याशिवाय दिसत नाहीत. तू या गावात वाढलास. हा रस्ता तुला नाशिकच्या माणसापेक्षा जास्त कळतो, म्हणून जबाबदारी तुझी जास्त. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या मोटरसायकलला एबीएस सक्तीचं आहे. चिखलात चाक जाम व्हायला लागलं की यंत्र स्वतः दाब सोडतं. या गाडीला ते नाही. इथे दाब सोडायचा तो त्याच्या बोटांनी, आणि त्या बोटांना खालचं काही कळावं असं तू काहीच ठेवलेलं नाहीस. तो एकटाही येणार नाही. मुलगी मागे बसणार आहे, ‘तिला धबधबे दाखवतो’ म्हणून त्यानं तुलाच सांगितलं होतं. ते ऐकून घेतलंस, आणि तरीही हवा न काढता हे चाक बसवलंस.

मान खाली घालून उभा राहू नकोस, मला तुझी मान खाली नकोय. हात चालवायचेत. वर्गात तुझ्याइतका सरळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. फाईल चालवायचास तेव्हा मी मुद्दाम बाकीच्यांना तुझ्या टेबलाशी उभं करायचो. म्हणून एवढं बोलतोय. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याच्यावर मी घसा कोरडा करत नाही.

ऐक आता. कॅलिपर, डिस्क, मास्टर उतरव आणि पोत्यात भर. जोडलेला पाय वापरायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. दुसरा मिळेपर्यंत गाडी उभी राहील. ड्रम स्पोक घातलेल्या चाकासकट लेथवर चढव. तारांच्या ताणानं ड्रम लंबगोल होतो, म्हणून सुटा हब कातून उपयोग नाही. किती काढायचं ते कमाल व्यासाची मर्यादा बघून. शूंना नवे लायनर लाव आणि ते शू प्लेटवर बसवून ड्रमच्या मापाला फिरवून घे. जुन्या लायनरची धूळ हवेनं उडवू नकोस, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पूस. मग लायनरवर खडू घास, चाक बसव, फिरव, हलका ब्रेक लाव, परत उघड. खडू जिथे पुसला तिथेच लायनर टेकतोय. तेवढंच पॉलिश पेपरनं उतरव आणि पुन्हा खडू घास. पाठभर पुसला जाईपर्यंत हेच. केबल नवी, आखडणार नाही अशी. कॅमचा दांडा ब्रेक लागताना काटकोनात. एक्सलचा नट आवळताना ब्रेक दाबून धर, म्हणजे प्लेट आपोआप मधोमध येते. टायर नवा, त्याचे पैसे मालक देईल. नाही दिले तर गाडी द्यायची नाही.

आणि त्याला सांग की पाण्यातून गाडी काढली तर ड्रम ओला होतो. पलीकडे निघाल्यावर हलका ब्रेक धरून शंभर पावलं चालवायची, मग वेग घ्यायचा. चढावर थांबल्यावर गाडी मागे सरकायला लागली तर हा पुढचा ब्रेक फारसं धरणार नाही, दोन्ही शू पुढच्या दिशेचे आहेत, तेव्हा मागचा ब्रेक दाबायचा. हे तोंडी सांग आणि पावतीच्या मागे लिहूनही दे.

सगळं झालं की विठे घाटात तू स्वतः जायचं, मला मागे बसवून. आधी कोरड्यात, मग पावसात.

फोन लाव त्याला. गाडी आज मिळणार नाही म्हणून सांग, आणि फोर्कचा पाय कापलाय हेही सांग. मी इथेच बसलोय. स्पीकर चालू कर.