बंद पडलेली टाकी आणि आणखी एक वर्ष



आपला हिंगोली जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे पाणी म्हणजे कयाधू नदी, विहीर, बोअर आणि सिद्धेश्वर धरण. त्यामुळे आपल्यापैकी काहींनी समुद्राच्या पोटातले जग पहिल्यांदा पाहिले ते मुंबईला गेल्यावर, मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झाले. दुरुस्तीनंतर २०१५ साली नव्या रूपात उघडले. मग २०२० साली कोरोनामुळे त्याची दारे बंद झाली आणि पुढे इमारतीच्याच मजबुतीचा प्रश्न उभा राहिला. जुनेच सुरू करावे, की नवे बांधावे, याचा विचार करणे भाग पडले.

आपल्याला वाटेल, यात विचार कसला? टाकी धुवावी, पाणी भरावे, मासे सोडावेत. पण समुद्राचे पाणी म्हणजे नुसते पाण्यात मीठ नव्हे. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार राखावे लागतात. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तेव्हा कुठे मासे जगतात. हे जिवाणू नव्या टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकी रिकामीच दिसते. घाई करून मासे सोडले, तर पाणी स्वच्छ दिसत असूनही ते मरतात.

प्रवाळ तर त्याहून नाजूक. त्यांच्या अंगातले सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. पण पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो. पाणी वेळेत निवले, तर तो सावरू शकतो. मेलाच, तर समुद्रातून दुसरा तोडून आणणे हा उपाय नव्हे. आपल्या समुद्रातील टणक प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

म्हणून टाकी पुन्हा सुरू करू पाहणाऱ्याने आधी विचारावे: मागच्या वेळी मासे कशाने मेले? ते कारण दूर झाले का? वीज गेली तर पंप कसा चालेल? रोज पाणी कोण तपासेल? उत्तर नसेल, तर सुरू न करणे हीच त्या मुक्या जिवांवरची दया.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. तीन वर्षे फळ नाही. मालक तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण तो नुसती मुदत मागत नाही. भोवती खणीन, खत घालीन, असे कबूल करतो. पुढे झाडाला फळ आले की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही. ते आपल्यावर सोडले आहे.

संत थॉमस अक्वायनस सुज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्लामसलत करणे, निवाडा करणे आणि त्याप्रमाणे कृतीला हात घालणे. तिसरी मुख्य. पण पहिल्या दोन गाळून तिसरीवर उडी मारणे म्हणजे सुज्ञता नव्हे, उतावीळपणा.

तो उतावीळपणा आम्हीही केला आहे. आपल्या धर्मग्रामातील बंद पडलेला महिला बचत गट आम्ही नाताळाच्या उत्साहात पुन्हा सुरू केला. नवी वही आणली, नवी नावे लिहिली, पेढे वाटले. जुना हिशेब मात्र तसाच राहिला, जुने रुसवेही तसेच राहिले. ईस्टरपर्यंत गट पुन्हा बंद. पाणी बदलले, विष टाकीतच होते. चूक भगिनींची नव्हे, आमची.

आता काही भगिनी पुन्हा विचारत आहेत, "फादर, परत सुरू करायचा का?" आम्ही होही म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. पुढल्या रविवारी मिस्सानंतर आधी जुनी वही उघडू. कोणाचे किती देणे, कोणाचे मन कशाने दुखावले, ते शांतपणे ऐकू. मग ठरवू. हळद नऊ महिने जमिनीत राहते, त्याआधी कोणी उकरत नाही. एवढा धीर आपल्या शेतकऱ्याला देवानेच दिला आहे.

घरातही आपली एखादी टाकी बंद पडली असेल: भावाशी अबोला, सोडलेली सायंप्रार्थना, टाळलेला पापनिवेदन संस्कार. पांढरे पडले म्हणजे मेले असे नव्हे. प्रभूजवळ आणखी एक वर्ष मागू या आणि कुदळही हाती घेऊ या.

आमेन.