शंभरांतील एक

२६ सप्टेंबर १९८३ ची मध्यरात्र नुकतीच उलटली होती. मॉस्कोच्या दक्षिणेस असलेल्या सेर्पुखोव-१५ या केंद्रातील संगणकाने अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटल्याची सूचना दिली. पाठोपाठ आणखी चार. सूचनेची विश्वसनीयता सर्वोच्च आहे, असेही यंत्राने सांगितले. कामावर असलेले लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी मात्र ती खोटी असल्याचे वरिष्ठांना कळविले. अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करील, आणि जमिनीवरील रडारला काहीच कसे दिसू नये, असा त्यांचा विचार होता. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता, हे मागाहून उलगडले.

पेत्रोव यांनी मनोमन जो हिशेब केला, त्याचे सूत्र थॉमस बेझ या इंग्लिश पाळकाच्या कागदपत्रांत सापडले होते. बेझ १७६१ मध्ये निवर्तले. त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस (हेही पाळकच!) यांच्यामुळे १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे आला. नवा पुरावा हाती येताच आधीची समजूत किती बदलावी, हे ते सूत्र सांगते. धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या कित्येक संगणकप्रणाली आज त्यावर उभ्या आहेत.

समजा, १,००,००० प्रवाशांत १० घातपाती आहेत आणि यंत्र शंभरांत ९९ वेळा अचूक ठरते. त्या दहांना ते बहुधा हेरील. परंतु त्यांच्याबरोबर सुमारे १,००० निरपराधांवरही बोट ठेवील. म्हणजे बाजूला काढलेल्या शंभर माणसांत खरा अपराधी एकच. येथे यंत्र खोटे बोलत नाही. आपणच चुकीचे ऐकतो.

शिवाय ती 'आधीची समजूत' यंत्रात भरतो माणूसच. पेत्रोव यांची समजूत युद्धाच्या जाणकारीतून आली होती. तीच जर आडनाव, पोशाख वा जन्मगाव यांवरून आली, तर पूर्वग्रहाला आकड्यांचा अंगरखा चढतो. ज्यांची झडती अधिक, त्यांच्याकडेच अधिक सापडते, आणि समजूत पुन्हा पक्की होते.

निर्णय टाळता येत नाही, हे मान्य. ते दहा जण सुटले तर प्राण जातील. आम्हा भाषांतरकारांनाही हस्तलिखितांत पाठभेद आढळला की एक पाठ निवडावाच लागतो. मात्र दुसरा पाठ आम्ही तळटिपेत छापतो, वाचकापासून दडवीत नाही. रांगेतून बाजूला काढलेल्या प्रवाशाला अशी तळटीप कोण दाखवितो? समोरच्या अधिकाऱ्याला तरी ती ठाऊक असते काय?

पेत्रोव यांना त्या रात्री खात्री नव्हती. शक्यता निम्मी-निम्मी वाटत होती, असे त्यांनीच पुढे सांगितले.