धोटा आणि विटाळ

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९११ च्या सुमारास जवळपास निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्यातच मोडे. खोताच्या जमिनी कसणारी कुणबी, मराठा, महार माणसे एकाच बोटीने मुंबईला येत आणि गिरणीच्या फाटकातून आत गेल्यावर वेगळी होत. साचाखाते, म्हणजे विणकामाचे खाते, अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते.

कारण दिले जाई धोट्याचे. कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी, धोट्याच्या भोकाला ओठ लावी आणि श्वास आत ओढून सुताचे टोक बाहेर काढी. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागे. म्हणजे प्रश्न उष्ट्याचा. पण सूत कातणाऱ्या रिंगखात्यात याच अस्पृश्यांचे हात लागलेले सूत त्याच मागांवर बिनदिक्कत चाले. विणकामाची मजुरी सूतकताईपेक्षा चांगली होती. विटाळ नेमका तिथेच आडवा यावा, हा योगायोग मानणे कठीण आहे. लँकेशायरमध्येही धोट्यातले सूत तोंडानेच ओढत. तिथे चर्चा झाली ती रोगसंसर्गाची.

धर्म गिरणीत विसाव्याची बाजू घेऊनही आला होता. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवारची सुटी मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे सांगितले. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुटी दिली. मात्र मागावर कोणी उभे राहावे, याबद्दल कायदा गप्प राहिला.

१९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. साचाखाते खुले करण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांनी नाखुशीने स्वीकारली. मालकांनी हा अन्याय आपला नव्हे म्हणून हात झटकले. अशा मागणीने कामगारांची एकजूट फुटते, हा आक्षेप टिकणारा नाही. एकजूट खात्याच्या दाराशीच फुटलेली होती. १९३८ मध्ये मनमाडला आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू ठरवले. ब्राह्मण्य म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, असा त्याचा अर्थ त्यांनी स्पष्ट केला.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात निषिद्ध ठरली आणि खासगी मालकही त्या बंधनाखाली आला. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला व्यवसाय वा धंदा करण्यापासून रोखणे गुन्हा ठरवले. नोकरीचा स्पष्ट उल्लेख त्यात आला तो १९७६ च्या दुरुस्तीने.