निवडता निवडता

संध्याकाळची भाजी निवडायला बसायचं आहे. जमिनीवर बसवत असेल तर जमिनीवर बसा, गुडघे ऐकत नसतील तर खुर्ची घ्या. पुढ्यात जुनं वर्तमानपत्र पसरा, शेजारी परात ठेवा. टीव्ही बंद करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. पुढचा अर्धा तास हातांना काम आहे आणि मनाला सवड आहे. दिवसभरात या दोन गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात.

जुडी अंबाडीची आहे असं धरून चालू. पावसाळा उतरणीला लागला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, शहागंजात, जाफर गेटच्या आठवडी बाजारात ती ढिगानं दिसते. तुमच्यापुढे मेथी, शेपू किंवा तांदुळजा असेल तरी बिघडत नाही. दोरा सोडा, जुडी मोकळी करा, पण लगेच खुडायला लागू नका. नुसतं बघा. मुळांना अजून काळी माती चिकटलेली आहे. ती फुलंब्रीकडची असेल, गंगापूरकडची असेल, पैठणकडची असेल. काल तिथे कुणीतरी, बहुधा एखाद्या बाईनं, ओणवं होऊन ही रोपं उपटली, जुड्या बांधल्या, ओल्या पोत्याखाली झाकल्या. पहाटे त्या जाधववाडीच्या बाजार समितीत उतरल्या. तिथून हातगाडीवर आणि हातगाडीवरून तुमच्या पिशवीत.

इतके हात लागून आलेली जुडी कपभर चहाच्या पैशांत मिळते. त्यातलं त्या बाईच्या वाट्याला किती आलं असेल, हा विचार मनात आला तर त्याला बाजूला सारू नका. घासाघीस करून वाचवलेले दोन रुपये कुणाच्या तरी ओंजळीतून आलेले असतात. जुडीतला अर्धा भाग फेकून न देता वाचवलेले दोन रुपये मात्र कुणाचेही हिरावलेले नसतात, ते आपल्या हातच्या कामातून येतात. काटकसर म्हणताना माझ्या मनात ही दुसरी असते.

आता एक देठ दोन बोटांत धरून वाकवा. मोडलं तर कोवळं आहे, परातीत जाऊ द्या. न मोडता तंतू ओढत राहिलं तर जून, ते बाजूला. अंबाडीच्या याच तंतूंचे दोर वळून शेतकऱ्यांनी गुरं बांधली. तिच्या लाल बोंडांची चटणी होते, सरबत होतं. पानं हरभऱ्याच्या डाळीत ज्वारीच्या कण्या घालून शिजतात आणि वर लसणाची चरचरीत फोडणी पडते. याच शहरातल्या मुस्लिम घरांत ती गोश्तात जाते. पुढचं देठ घ्या. तेही वाकवून बघा. प्रत्येक देठाला तोच प्रश्न विचारायचा आणि दर वेळी उत्तराची वाट बघायची. सगळी देठं एकदम कापून टाकली तर पाच मिनिटं वाचतात, पण अर्धी भाजी जाते.

बोटं चालू असू द्या आणि आठवून बघा, ही भाजी आज घरी का आली? खावीशी वाटली म्हणून, की बाजारात भरपूर होती म्हणून? आपण हल्ली बहुतेक वेळा मनात पदार्थ ठरवून बाजारात जातो. जून महिन्यात फ्लॉवर हवा असतो, मे महिन्यात मटार हवा असतो, आणि मग चढा भाव देऊन चव नसलेली भाजी घरी येते. घर हातानं चालवणाऱ्या बायका याच्या उलट करत आल्या. आधी बाजारात काय उतरलंय ते बघायचं, स्वयंपाकाचं मग ठरवायचं. ज्या भाजीचा ढीग सगळ्यात मोठा, ती सगळ्यात स्वस्त आणि बहुतेकदा सगळ्यात ताजी.

या ढिगांबरोबर वर्ष कसं फिरतं ते डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पावसानंतर तरोटा, घोळ, पाथरी, कर्टुली. यांतलं बरंचसं कुणी पेरलेलंसुद्धा नसतं. मग दोडका, गवार, अंबाडी. थंडी पडली की मेथी, चुका, करडईची कोवळी भाजी, वालाच्या आणि तुरीच्या ओल्या शेंगा. आणि हरभऱ्याचा पाला. त्याच्यापाशी मी नेहमी रेंगाळते. हरभऱ्याचं रोप महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की त्याचे शेंडे खुडतात. शेंडा खुडला की रोपाला बाजूनं फुटवे येतात, पुढे घाटेही वाढतात. म्हणजे ही भाजी पिकाचं काही न घेता मिळते, वर पिकाचं भलं करून जाते. ताजी असताना तिचा कांदा, दाण्याचं कूट आणि मिरची घालून कच्चाच घोळाणा करायचा. उरली तर सावलीत वाळवून डब्यात भरायची, कारण पुढे उन्हाळा आहे.

आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, विहिरी तळाला जातात आणि पालेभाजी दिसेनाशी होते. त्या तीन महिन्यांसाठी मराठवाड्याच्या घरांनी सांडगे घातले, बाजरीच्या खारोड्या घातल्या, गवारीच्या शेंगा वाळवल्या, भाजलेल्या धान्य-डाळींचं आणि मसाल्याचं येसर दळून ठेवलं. घरात भाजीचं पानही नसेल त्या दिवशी दोन चमचे येसर पाण्यात कालवून आमटी होते आणि ती खाताना काही कमी आहे असं वाटत नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रोजगाराच्या कामावर सुकडी खाल्ली, बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या, त्यांच्या हाताला ही सवय पुढे आयुष्यभर राहिली. डब्याच्या तळाशी उरलेलं मूठभर पीठ झटकून घेणाऱ्या आजीला आपण कधी कंजूस म्हटलं असेल. तिच्या त्या झटकण्यात काय काय होतं, त्यावर आता मिनिटभर राहा.

परात भरली. आता धुवायचं. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, पानं त्यात बुडवा आणि जरा वेळ तशीच ठेवा. माती आपोआप खाली बसते. मग पानं पाण्यातून वर उचलून घ्या. पाणी ओतून टाकाल तर तळाची माती पुन्हा पानांवर येईल. तीनदा असं करा. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते उद्याच्या भाजीचं पहिलं पाणी होऊ शकतं. पहिली दोन कढीपत्त्याच्या, मोगऱ्याच्या कुंडीत. जायकवाडीचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असूनही या शहरातल्या नळांना वर्षानुवर्षं कित्येक दिवसांआड पाणी येत आलं आहे. इथे कुणाला पाणी जपायला शिकवावं लागत नाही. पिंप, टाकी, घागर भरून ठेवणारं घर पाण्याच्या प्रत्येक तांब्याला दुसरं काम शोधून देतंच. ती नजर आपल्याकडे आधीपासून आहे. तीच जरा देठांकडे आणि सालींकडे वळवायची आहे.

वर्तमानपत्रावर आता काय उरलं ते बघा. जून देठं, पिवळी पानं, मुळं. दोडका असता तर त्याच्या शिरा असत्या, आणि त्या इथे पडायच्या कामाच्याच नाहीत. तेलावर कुरकुरीत परतून तीळ, कारळ, लसूण आणि मिरचीबरोबर कुटल्या की अशी चटणी होते की मूळ भाजी मागे पडावी. दुधीच्या सालीचंही तसंच. मुळ्याच्या पाल्याला पीठ पेरायचं, कोथिंबिरीची देठं ठेच्यात घालायची. एवढं करूनही मूठभर उरेल. ती मूठ हातात घ्या. ती जाते कुठे?

फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध आसपासच्या गावकऱ्यांनी शहराच्या गाड्या अडवल्या होत्या. आपल्या स्वयंपाकघरांतून निघालेल्या ढिगांची दुर्गंधी, धूर आणि बिघडलेलं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं सोसलं होतं. तेव्हा औरंगाबाद म्हणवणाऱ्या या शहरात रस्त्यारस्त्यावर कचरा साचला. मार्चमध्ये कचरा टाकायला मिटमिट्याला गाड्या गेल्या तेव्हा दगडफेक झाली, लाठीमार झाला. त्या आठवड्यांत नाकावर रुमाल धरून चालताना जो वास येत होता, तो प्लास्टिकचा नव्हता. कुजलेल्या भाजीचा आणि अन्नाचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल भारतातल्या घरांतून दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज देतो. हा आकडा फार मोठा आहे, मनात मावत नाही. हातातली मूठ मावते. तिचं खत करायला एक जुनी बादली, थोडी माती आणि वाळलेला पालापाचोळा पुरे.

आता उठा. कालचं काय उरलंय ते ओट्यावर मांडा. फ्रिजमधल्या वाट्यांवरची झाकणं एकेक काढा. दीड भाकरी. वाटीभर वरण. वांग्याच्या भाजीचा तळाचा रस्सा. मूठभर भात. प्रत्येकापाशी थोडं थांबा.

ज्वारीत चिकटपणा धरणारं ग्लुटेन नसतं. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यानं मळावं लागतं, आणि म्हणूनच रात्रभर राहिलेली भाकरी कडक होऊन हातात सहज कुस्करली जाते. तिला पुन्हा मऊ करायच्या नादाला लागू नका. कुस्करा, कांदा-मिरची-शेंगदाण्यांच्या फोडणीत टाका, ताकाचा शिपका मारा आणि झाकण ठेवा. वरण ज्वारी-गव्हाच्या पिठात आणि बेसनात घाला, ओवा-तीळ टाका, ओल्या फडक्यावर धपाटे थापा. रस्सासुद्धा त्याच पिठात मुरतो.

भाताच्या बाबतीत मात्र सावध राहा. तांदळात असणाऱ्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. लवकर फ्रिजमध्ये गेलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीला चालतो. वैशाखात रात्रभर ओट्यावर राहिलेला टाकून द्यावा, कितीही जिवावर आलं तरी. फोडणीनं वास झाकला जातो, दोष जात नाही.

आता पुन्हा त्या दीड भाकरीकडे बघा आणि आठवा, तुमच्या घरी शिळं कोण खायचं?

आठवायला वेळ लागणार नाही. तव्यावरची गरम भाकरी आधी पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या. सकाळची भाकरी घरातल्या बाईच्या. कुणी म्हटलंच तर ती सांगायची, मला शिळीच आवडते. दही आणि फोडलेला कांदा असेल तर शिळी भाकरी खरोखर चांगली लागते, त्यामुळे तिचं म्हणणं खोटं होतं असं नाही. पण दुसरं काही आवडून घ्यायची मुभा तिला कधी होती का? घराची काटकसर एकाच ताटात साठत होती आणि बाकीच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

इथे थोडं आणखी थांबावं लागेल, कारण हे घराच्या उंबऱ्यापाशी संपत नाही. गावानं उरलेलं, शिळं, खरकटं ज्यांच्या पदरात टाकलं त्यांच्यासाठी ते काटकसरीचं अन्न नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि फेकलेले तुकडे नाकारायला सांगितलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिलं. उरलेल्या अन्नाच्या गोडव्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकानं ते आधी वाचावं असं मला वाटतं. आपल्या घरचं उरलेलं आपण खाणं वेगळं आणि दुसऱ्याचं उरलेलं खावं लागणं वेगळं. आजही कालची भाजी डब्यात भरून घरकामाच्या मावशींच्या हातात देताना आपण तिला दान समजतो. आपण जे खाणार नाही ते त्यांना का द्यायचं? द्यायचंच असेल तर आजच्या पातेल्यातलं, पहिलं, गरम असताना द्यावं. कालचं आपण खावं.

मग आजचं जेवण असं वाढा. भाकरीचा कुस्करा एका भांड्यात काढा आणि सगळ्यांच्या ताटांत थोडा थोडा घाला, आधी एरवी ज्यांच्या वाट्याला तो येत नाही त्यांच्या. अंबाडीची भाजी, धपाटे, बाजूला कांदा. घरात रोज राबणारी तुम्ही असाल तर तव्यावरची पहिली भाकरी आज स्वतः घ्या. रोज आयतं ताट मिळणारे तुम्ही असाल आणि आज निवडायला बसला असाल, तर कुस्कऱ्याचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवा. कुणी विचारलं की हे काय आहे, तर कालची भाकरी आहे म्हणून सांगा.