सभासदाचे पान

फोटोग्राफी क्लबच्या वार्षिक अंकासाठी काम मागवायला सुरुवात झाली की बहुतेक सभासद सॅलॉनमध्ये निवडले गेलेले फोटो आधी पाठवतात. ते साहजिक आहे. ज्यावर एकदा पसंतीची मोहोर उमटली, तो फोटो पाठवताना मनात धाकधूक नसते. पण आमच्या अंकाच्या कामात काही वर्षे हातभार लावल्यावर माझे मत असे झाले आहे, की स्पर्धेचा फोटो आणि अंकाचा फोटो यांची जात वेगळी. स्पर्धेत ज्याचा निभाव लागणार नाही आणि तरीही जो आपल्याला टाकवत नाही, असा फोटो सभासदाने अंकाला द्यावा.

स्पर्धेत परीक्षकापुढे शेकडो फोटो एकामागून एक सरकत असतात. प्रत्येकाच्या वाट्याला येतात ते काही क्षण. फोटो कुणाचा, कुठला, हे त्याला मुद्दामच सांगत नाहीत आणि तेच न्याय्य आहे. त्यामुळे पहिल्या नजरेतच पकड घेणारा फोटो तिथे टिकतो: धुक्यातली एकटी होडी, रिंगणात उधळलेला अश्व, भंडाऱ्याने पिवळी झालेली जेजुरी. असे फोटो काढायला कसब लागते, पहाटे उठावे लागते, गर्दीत जागा धरावी लागते. अंकाचे मात्र निराळे. तो घरात राहतो. सभासदाची आई तो चाळते, पाहुणे चाळतात, दोन महिन्यांनी तो पुन्हा हातात येतो. आणि मुख्य म्हणजे तिथे फोटो काढणाऱ्याला बोलायची मुभा असते.

आमच्या क्लबात एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. नोकरीत असताना रीतसर परवानगी घेऊन त्यांनी गाडीची बॉडी बांधण्याचे फोटो काढून ठेवले होते. उघड्या चासीवर सांगाडा उभा राहतो, त्यावर पत्रा चढतो, रिव्हेट बसतात, शेवटी रंग. हे फोटो ते मासिक स्पर्धेला ठेवत आणि शेरा ठरलेला असे: मागे फार गर्दी आहे, नजर कुठे ठरत नाही. गर्दी होती हे खरेच, पण कार्यशाळा म्हणजे तीच गर्दी. अंकासाठी आम्ही ते फोटो मागून घेतले आणि प्रत्येकात काय चालले आहे ते तुमच्या शब्दांत लिहून द्या, असे सांगितले. ‘मला कुठे लिहिता येतं?’ म्हणत त्यांनी वहीची पाने भरून आणली.

त्यांत एका ठिकाणी लिहिले होते, की रिव्हेट मारायला दोघे लागतात. एक बाहेरून मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा असल्यामुळे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, म्हणून सगळा मेळ आवाजावर. हे वाचून मी त्यांचा एक फोटो पुन्हा काढून पाहिला. त्यात गाडीच्या आत एक माणूस पत्र्याला खांदा टेकून विसावल्यासारखा दिसतो. तो विसावलेला नव्हता. सगळे अंग लावून तो ठोकळा रेटत होता आणि पलीकडच्या न दिसणाऱ्या जोडीदाराचा ठोका अंगावर घेत होता. चांगल्यातल्या चांगल्या परीक्षकालाही हे दिसणे शक्य नव्हते. ते दिसायला तिथे नोकरी केलेला माणूस हवा, आणि त्याचे म्हणणे फोटोशेजारी छापणारे पान हवे.

अशी माणसे प्रत्येक क्लबात असतात. रात्रपाळीची परिचारिका असते, मार्केट यार्डात गाळा असलेला व्यापारी असतो, पाटबंधारे खात्यातला अभियंता असतो. रविवारी हे सगळे एकाच घाटात एकाच फुलावरचे एकच फुलपाखरू टिपायला जातात आणि सोमवारी जिथे जातात तिथला एकही फोटो त्यांच्याजवळ नसतो. मला याचे मनापासून वाईट वाटते.

सभासदांच्या कामाचा अंक काढण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते आणि ते स्वतः फोटो काढत. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी सोसायटीच्या आश्रयाने 1856 साली ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ सुरू केला. दर महिन्याला एक अंक, त्यात तीन फोटो आणि सोबत माहितीचा मजकूर. छापील कागदावर फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरे प्रिंट हाताने डकवलेले असत. 1858पर्यंत असे चोवीस अंक निघाले. त्या काळच्या मुंबईतल्या माणसांचे चेहरे आज आपण पाहू शकतो, त्याला या डकवण्याच्या कष्टांचा मोठा हातभार आहे.

चेहरे दिसतात, नावे मात्र नाहीत. फोटोखाली जात किंवा धंदा लिहिलेला. पुढे जॉन्सनने मुंबईच्या रहिवाशांवर दोन खंड काढले, त्यांत तर वेगळी टिपलेली माणसे वेगळ्याच देखाव्यापुढे जोडून दाखवली आहेत. ज्याला समोर उभे केले त्याचे नाव विचारावे, असे त्या व्यवस्थेत कुणाला वाटले नाही. ती राज्यकर्त्यांची नजर होती. पण आपल्या अंकांत तरी आज काय असते? कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, आयएसओ किती, हे बारकाईने दिलेले असते आणि खाली शीर्षक: ‘श्रमिक’, ‘वार्धक्य’, ‘निरागस’. काकांच्या पानावर ठोकळा धरणाऱ्याचे नाव छापले आहे. छापण्याआधी त्याला विचारले होते आणि अंक निघाल्यावर त्याची प्रत काका स्वतः त्याच्या घरी देऊन आले.

अंक सर्वांचा असावा की उत्तमांचा, हा वाद प्रत्येक संपादक मंडळात होतो. न्यूयॉर्कच्या कॅमेरा क्लबात तो फार ताणला गेला. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने 1897 साली क्लबचे ‘कॅमेरा नोट्स’ हे त्रैमासिक सुरू केले आणि त्याचा दर्जा कुठल्या कुठे नेला. सभासदांची तक्रार अशी, की आमच्या अंकात आम्हीच नाही. अखेर 1902 मध्ये तो संपादकपदावरून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःचे ‘कॅमेरा वर्क’ काढले. ते 1917पर्यंत चालले आणि फोटोग्राफीच्या इतिहासात त्याचे स्थान कायमचे झाले. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. तरीही क्लबच्या पैशांतून निघणाऱ्या अंकापुरता मी त्या नाराज सभासदांच्या बाजूचा आहे. जागा प्रत्येकाला मिळावी, पाने कमी का असेनात. मात्र निवड बारकाईने व्हावी, आणि ती करताना सभासद शेजारी बसलेला असावा.

छपाईबद्दल थोडेसे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलचा अंकाला उपयोग नसतो. आठ इंच रुंद फोटो नीट छापायचा तर इंचाला 300 या हिशेबाने 2400 पिक्सेल हवेत. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून सावल्या थोड्या उजळून द्याव्यात. झगझगीत निळा आणि पोपटी हे चार शाईंत तसेच्या तसे उतरत नाहीत. आणि दोन पानांवर पसरणाऱ्या फोटोत कुणाचा चेहरा घडीत जाऊ देऊ नये.

आता पुष्कळ क्लब फक्त पीडीएफ काढतात. खर्च पाहता त्यांना दोष देता येत नाही, पण फाइल फोनबरोबर हरवते. आम्ही थोड्या का होईना, छापील प्रती काढतो आणि त्यांतल्या दोन शहरातल्या जुन्या ग्रंथालयाला देतो. प्रत पोचवणे, ती नोंदवहीत चढली का ते पाहणे आणि फोटोंतल्या सर्वांची नावे, ठिकाण, तारीख यांची यादी तिच्यासोबत लावून देणे, हे काम यंदा मी मागून घेतले आहे.